परदेशची तबकडी आणि घरचें यंत्र

अमेरिकेंत असलेले मामा सुटींत घरीं येतात, भाच्यांसाठीं बोलपटांच्या चार डीव्हीडी तबकड्या आणतात. जेवणें उरकून सर्व मंडळी दिवे मालवून बसतात, आणि पडद्यावर चित्राऐवजीं एक रुक्ष सूचना उमटते कीं, ही तबकडी या विभागांत चालावयाची नाहीं. तबकडी कोरी करकरीत, यंत्र निर्दोष, पैसे रोख मोजलेले. मग अडतें तें काय? हा प्रश्न पुष्कळ घरांतून पडतो, म्हणून त्याचा उलगडा येथें करण्याचें आम्ही योजिलें आहे.

थोरामोठ्यांचीही यांतून सुटका नाहीं. २००९ सालच्या मार्च महिन्यांत ब्रिटनचे मुख्य प्रधान गॉर्डन ब्राऊन हे वॉशिंग्टनला गेले असतां राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनीं त्यांस २५ नामांकित अमेरिकन चित्रपटांचा संच भेट दिला. तो ब्रिटिश यंत्रावर चालेना, असें पुढें तेथील वृत्तपत्रांनीं छापलें.

१९९६ च्या अखेरीस ही तबकडी प्रथम जपानांत विक्रीस आली व पुढच्या वर्षीं अमेरिकेंत. अवघी १२ सेंटिमीटर व्यासाची, पण एका थरांत ४·७ अब्ज बाइट माहिती सांठविणारी. चित्रपट काढणार्‍या कंपन्यांना ती हवीही होती आणि तिची धास्तीही होती. त्या काळीं अमेरिकेंत लागलेला चित्रपट इतर देशांच्या चित्रगृहांत कित्येक महिन्यांनीं पोहोंचे. तोंवर अमेरिकेंतील तबकडीच तेथें जाऊन पोहोंचली तर तिकिटें कोण काढणार? शिवाय, एकच माल निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या किंमतीस विकण्याची सोय त्यांस पाहिजे होती. तेव्हां त्यांनीं पृथ्वीचे विभाग पाडले. अमेरिका व कॅनडा पहिला, यूरोप, जपान, मध्यपूर्व व दक्षिण आफ्रिका दुसरा, आग्नेय आशिया, हाँगकाँग वगैरे तिसरा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व लॅटिन अमेरिका चौथा, आपला हिंदुस्थान, पाकिस्तान, रशिया आणि बहुतेक आफ्रिका पांचवा, चीन सहावा. सातवा राखून ठेविला, आणि आठवा विमानें व जहाजें यांसाठीं. जपान यूरोपच्या पंक्तीस कसा, हें भूगोलाच्या पुस्तकांत शोधूं नये; हा नकाशा व्यापार्‍यांनीं आंखलेला आहे.

यांतील युक्ति मात्र फार साधी आहे. तबकडीवर आठ बिटांची एक खूण असते. प्रत्येक बिट म्हणजे एका विभागाचें दार : ० असल्यास उघडें, १ असल्यास बंद. प्लेअरच्या स्मरणांत त्याचा स्वतःचा एक अंक असतो. तो आपलें दार उघडें आहे कीं नाहीं एवढेंच पाहतो. आठही दारें उघडीं असलीं म्हणजे तबकडी सर्वत्र चालते. तिलाच बाजारांत ‘विभाग शून्य’ म्हणतात; वास्तविक असा विभाग कोठेंच नाहीं.

संगणकाची गोष्ट अधिक जपून हाताळण्यासारखी आहे, व आमच्या उत्साही विद्यार्थ्यांनीं येथें विशेष लक्ष द्यावें. २००० सालापासून निघालेल्या ड्राइव्हमध्यें विभागांक यंत्राच्या अंगांतच मोजला जातो. मालकास तो पांच वेळां बदलतां येतो. पांचव्या बदलानंतर जो अंक असेल तो कायमचा. विंडोज पुन्हा घातली, संगणक बदलला, तरी ड्राइव्ह विसरत नाहीं. मामांची तबकडी पाहण्यास पहिला विभाग, मग घरच्या तबकडीसाठीं पांचवा, पुन्हा पहिला, असें करतां करतां एका सुटींतच सर्व संधी संपतात. किती उरल्या हें ड्राइव्हच्या माहितीपत्रकांत दिसतें. बदलण्यापूर्वीं तें पाहावें. फ्रान्समधील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून निघालेला व्हीएल्‌सी हा विनामूल्य प्रोग्रॅम विभागांकाकडे पाहत नाहीं, म्हणून पुष्कळदां अंक न बदलतांच काम भागतें. पण कांहीं ड्राइव्ह त्यालाही दाद देत नाहींत.

मग हा गुन्हा होतो काय, असें कित्येक पालक विचारतील. भारताच्या प्रताधिकार कायद्यांत २०१२ सालीं घातलेलें ६५ अ हें कलम, प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूनें असें कुलूप फोडणारास शिक्षा सांगतें. त्यांतील ‘हेतु’ हा शब्द महत्त्वाचा आहे. न्यूझीलंडच्या २००८ च्या कायद्यानें तर, अस्सल तबकडी केवळ देश पाहून अडविणार्‍या योजनेस कुलपाचें संरक्षणच नाकारलें. नक्कल करून विकणें ही चोरी होय, याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. परंतु दाम मोजून घेतलेला ग्रंथ कोणत्या गांवीं वाचावा हें प्रकाशकानें ठरवावें, हें आम्हांस कधींच पटलें नाहीं, आणि तबकडीची गोष्ट निराळी कां मानावी?

आणखी एक अडचण विभागाच्या माथीं उगाच मारली जाते. आपल्याकडे दूरचित्रवाणीची पाल ही पद्धत, चित्राच्या ५७६ ओळी व सेकंदास २५ चित्रें. अमेरिकेंत व जपानांत एन्‌टीएस्‌सी, ४८० ओळी व सुमारें ३० चित्रें. चित्रपट मुळांत सेकंदास २४ चित्रांचा. पालमध्यें तो २५ नें पळतो, म्हणून १०० मिनिटांची कथा ९६ मिनिटांत आटपते! पुण्यास झालेल्या लग्नाची तबकडी न्यू जर्सीच्या आत्याबाईंकडे लागत नाहीं, ती बहुधा याच कारणानें. घरगुती तबकडीवर विभागांक नसतोच, पण अमेरिकेंतील पुष्कळ प्लेअरांना पाल वाचतां येत नाहीं. आपल्याकडील प्लेअर बहुतेक दोन्ही वाचतात, व संगणकास तर हा भेद जाणवतच नाहीं. तेव्हां आत्याबाईंनीं ती संगणकावर लावावी, किंवा फोटोवाल्यानें प्रारंभींच एन्‌टीएस्‌सी प्रत काढावी.

२००६ सालीं ब्लू-रे आली तेव्हां आठांचे तीन विभाग झाले, ए, बी व सी, हिंदुस्थान सीमध्यें. २०१६ पासून विकल्या जाणार्‍या अल्ट्रा एचडी ब्लू-रेवर विभागांक मुळींच नाहीं. जुन्या तबकड्या घेतांना वेष्टनाची मागची बाजू पाहावी. तेथें पृथ्वीगोलाच्या चित्रांत अंक छापलेला असतो.