आकाशाचा हिशेब मांडणारे ४८ संगणक

पुणे जिल्ह्यातल्या अवसरी बुद्रुकहून मंचर, पुणे-नाशिक रस्त्यानं नारायणगाव आणि तिथून पूर्वेला खोडद. इथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. पाहुण्यांच्या नजरेत अँटेना भरतात. पण त्यांनी टिपलेल्या लहरींतून आकाशाचं चित्र काढायचं, तर प्रत्येक अँटेनाच्या संकेताचा इतर प्रत्येकीशी गुणाकार करावा लागतो. तीस अँटेनांच्या अशा ४३५ जोड्या होतात.

हे काम आधी खास घडवलेली सर्किटं करीत. जयंता रॉय, यशवंत गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये मांडलेल्या रचनेत ते बाजारात सहज मिळणाऱ्या कार्डांवर आणि ४८ लिनक्स संगणकांवर सोपवलं गेलं. ३२ अँटेनांची सोय, प्रत्येकीचे दोन संकेत, ३३ मेगाहर्ट्झचा पट्टा. म्हणजे सेकंदाला चार अब्जांहून अधिक नमुने. संगणक मागे पडला, तर हुकलेला नमुना पुन्हा येत नाही.

अशा कामात कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, जुळणी निर्णायक ठरते. १९९६च्या लिनक्स २.०नं अनेक प्रोसेसर एकत्र चालवले खरे, पण कर्नलला कुलूप एकच होतं. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात एकच वजनकाटा असावा, तशी सगळ्यांची रांग लागे. ते कुलूप टप्प्याटप्प्यानं लहान कुलपांत वाटलं गेलं आणि २०११च्या २.६.३९ आवृत्तीत कायमचं गेलं.

जुना बहुप्रोसेसर सर्व्हर हाती आला, की आधी त्यावरच्या कर्नलची घडण पाहावी. ‘एसएमपी’, म्हणजे अनेक प्रोसेसर एकत्र चालवण्याची सोय, बंद ठेवून बांधलेला कर्नल एकच प्रोसेसर वापरतो, बाकीचे नुसते बसून राहतात. २००३पासूनच्या ऑप्टेरॉन सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची मेमरी असते, म्हणून तिथे जवळची-लांबची मेमरी ओळखणारा ‘नुमा’ हा पर्याय हवा. त्या काळातले दोन झिऑन प्रोसेसरांचे सर्व्हर सामायिक मेमरीवर चालत, तिथे त्याचा फारसा उपयोग नाही. टाइमरचे ठोके सेकंदाला १००वर ठेवले, की सलग आकडेमोडीत व्यत्यय कमी येतो; १००० ठेवले, तर प्रतिसाद चपळ होतो. नेटवर्क कार्डाचे इंटरप्ट, म्हणजे लक्ष वेधणारे इशारे, प्रोसेसरच्या एका कोअरला नेमून दिले, की उरलेले कोअर निर्धास्त गणित करतात.

पुढे जीएमआरटीचा पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला आणि ग्राफिक्स प्रोसेसर आले. तरी कोणतं काम कोणाकडे आणि कोणती मेमरी कोणाजवळ, हे ठरवणं सुटलं नाही. आपल्या कॉलेजांतून मोडीत निघणाऱ्या सर्व्हरवर हेच शिकता येईल. यंत्र महाग असण्यापेक्षा ते आतून ओळखीचं असणं मोलाचं, हे खोडदच्या त्या ४८ संगणकांनी दाखवून दिलं आहे.