कडधान्यातील भुंगेरा व आपल्या दुकानातील वनस्पती

पावसाळा जवळ आला की इचलकरंजी परिसरातील आयुर्वेदिक औषधांच्या दुकानांत वेखंड मागणारे ग्राहक येतात. सर्वांनाच ते बाळघुटीसाठी हवे असते असे नाही. काहींना ते हुलगा, मूग, चवळी यांच्या डब्यात टाकावयाचे असते. अशा वेळी पुडी बांधून देण्यापूर्वी विक्रेत्याने एक प्रश्न अवश्य विचारावा : धान्य पेरावयाचे आहे की खावयाचे?

कडधान्य पोखरणारा भुंगेरा ‘कॅलोसोब्रुकस’ प्रजातीचा. मादी दाण्याच्या सालीवर अंडी चिकटविते. अळी तेथूनच दाण्यात शिरते, आतच कोष करते आणि भुंगेरा गोल छिद्र पाडून बाहेर पडतो. उष्ण हवेत हे चक्र सुमारे महिनाभरात पूर्ण होते. प्रौढ भुंगेरा दाणा खातच नाही. म्हणजे छिद्र दिसते तेव्हा हानी होऊन गेलेली असते. पुष्कळदा अंडी शेतातील शेंगांवरूनच घरी येतात.

एरंडेल वा शेंगतेल चोळण्याची आपल्याकडील रीत म्हणूनच शास्त्रशुद्ध ठरते. किलोस सुमारे 5 मि.ली. तेलाचा पातळ थर अंड्यातील जीव गुदमरवितो. मात्र दाण्यात शिरलेल्या अळीपर्यंत तो फारसा पोहोचत नाही. तेव्हा धान्य कडक उन्हात वाळवून, निवल्यावर लगेच तेल चोळावे. उशिरा चोळलेले तेल वायाच जाते.

कडुनिंबातील अझाडिरॅक्टिन मुख्यतः निंबोळीच्या बीत असते, त्यामुळे नुसत्या पाल्यावर फार विसंबू नये. निंबोळी तेल कडवट, सबब ते बियाण्यापुरतेच.

वेखंडाचा विचार अधिक काळजीने करावयास हवा. त्यातील बीटा-असारोन कीटकांची प्रजननशक्ती नष्ट करते, आणि भारतीय वेखंडात त्याचे प्रमाण बरेच असते. परंतु याच द्रव्याने उंदरांत अर्बुदे झाल्याचे आढळले. अमेरिकेने 1968 साली वेखंडाचा अन्नातील वापर बंद केला. वैद्याने मात्रा ठरवून अल्पकाळ दिलेली वचा निराळी आणि रोजच्या उसळीतून अजाणता पोटात जाणारे चूर्ण निराळे. बियाण्यास चूर्ण खुशाल चोळावे. खाण्याच्या कडधान्यास देऊ नये. बिब्बे ठेवणाऱ्यांनाही ते अखंड व पुरचुंडीत बांधूनच ठेवण्यास सांगावे. फुटलेला बिब्बा हातास काय करतो, हे वैद्यांना सांगावयास नको.

आपल्या औषधनिर्माणशाळेतील माष व कुलत्थ यांना तर यांपैकी काहीच लावू नये. क्वाथात ते उतरेल. तेथे कोरडा, घट्ट झाकणाचा डबा आणि थोडीच खरेदी.