पास झालेली मुलं आणि बुडालेली शाळा

जून 2020 मध्ये ठाण्यात किंवा डोंबिवलीत पहिलीत नाव घातलेल्या मुलाचा हिशेब नीट मांडून पाहावा. मार्चच्या मध्यावर करोनामुळे शाळा बंद झाल्या होत्या. 4 ऑक्टोबर 2021 ला राज्यातल्या शाळा उघडल्या, त्या ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून. 1 डिसेंबरपासून धाकट्या वर्गांना परवानगी मिळते न मिळते तोच राज्यातला पहिला ओमायक्रॉनचा रुग्ण सापडला, तोही डोंबिवलीत, आणि जानेवारीत पुन्हा कुलपं लागली. म्हणजे या मुलाला सलग शाळा मिळाली ती 2022 उजाडल्यावर, दुसरी संपत आली तेव्हा. 2025-26 मध्ये ते सहावीत पोहोचलं. एकदाही नापास झालेलं नाही, कारण शाळा बंद असताना पहिली ते आठवीच्या सगळ्यांनाच परीक्षेविना वर चढवलं होतं. 'आता तो विषय संपला, शाळा सुरू होऊन किती वर्षं झाली' असं आपण म्हणतो ते याच प्रगतिपुस्तकाच्या भरवशावर. शाळा उघडणं आणि शिक्षण रुळावर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंदीच्या काळात तूट पडली हे खरंच, पण ती भरून निघते की वाढत जाते हे शाळा उघडल्यानंतर मुलाला कुठून शिकवायला घेतलं यावर ठरतं.

पहिला गैरसमज असा की शाळा बंद असल्या तरी शिक्षण चालूच होतं. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागत होती, दीक्षा ॲप होतं, व्हॉट्सॲपवर गृहपाठ येत होता, हे खोटं नाही. शिक्षकांनी त्यासाठी जीव तोडून काम केलं, वर सर्वेक्षणाच्या ड्युट्याही केल्या. प्रश्न पोहोचण्याचा होता. केंद्राच्या 2021 च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात 24 टक्के मुलांनी घरी एकही डिजिटल साधन नसल्याचं सांगितलं. ज्या घरात फोन होता तिथेही तो कोणाचा, हा प्रश्न होताच. कल्याणपलीकडच्या चाळींत जून 2020 पासून अत्यावश्यक सेवेतली माणसं लोकल पकडू लागली, पुढे फेब्रुवारी 2021 मध्ये ठरावीक वेळांत बाकीचेही. आणि घरातला एकमेव स्मार्टफोन त्यांच्या खिशातून सीएसएमटीला गेला. मुलाचा तास सकाळी दहाला, फोन परत यायचा रात्री आठला. अशा मुलांसाठी राज्याने 1 जुलै ते 14 ऑगस्ट 2021 असा 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आखला. कल्पना चांगली होती, पण शहरांत तेव्हा शाळा बंदच होत्या. ज्यांना ऑनलाइन जमलं नव्हतं त्यांच्यावरचा उपायही ऑनलाइनच आला.

दुसरा गैरसमज निकालांचा. 2021 मध्ये दहावीचा निकाल 99.95 टक्के लागला, आणि पुढच्या वर्षी, प्रत्यक्ष लेखी परीक्षा होऊनही, 96.94. मग नुकसान कुठे आहे? 2021 ला परीक्षा झालीच नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल होता. 2022 ची परीक्षा 75 टक्के अभ्यासक्रमावर झाली आणि मोठ्या पेपरांना अर्धा तास जादा दिला गेला, कारण मुलांचा लिहिण्याचा सराव सुटला होता. मंडळाने तेव्हा दाखवलेला समजूतदारपणा योग्यच होता. पण ज्या मंडळाने स्वतः वेळ वाढवून दिला त्याच्याच निकालावर बोट ठेवून 'मुलं तर उत्तम आहेत' म्हणणं हे मात्र सोयीचं वाचन झालं.

तिसरा गैरसमज नेमका उलट्या टोकाचा आहे, आणि मला तो जास्त घातक वाटतो: ही पिढी कायमची वाया गेली. आकडे असं म्हणत नाहीत. 'असर' पाहणीत 2018 साली देशातल्या तिसरीतल्या 27.3 टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता; 2022 मध्ये हे प्रमाण 20.5 वर घसरलं. 2022 मध्ये तिसरीत होती ती मुलं म्हणजे जून 2020 ला पहिलीत नाव घातलेलीच मुलं. 2024 मध्ये तिसरीचा आकडा पुन्हा 27 च्या घरात आला, आणि 'भरपाई झाली' अशा बातम्या आल्या. इथे जरा थांबायला हवं. 2024 ची तिसरी म्हणजे 2022 मध्ये पहिलीत आलेली मुलं. त्यांची पहिली-दुसरी बुडालेलीच नव्हती. मूळ मुलं तेव्हा पाचवीत होती, आणि त्यांच्यातली दुसरीचा उतारा वाचू शकणारी निम्म्याच्या आसपास होती. 2018 च्या पाचवीचं चित्रही असंच होतं. म्हणजे ही मुलं बरीच सावरली, कायमची वाया वगैरे गेली नाहीत. पण सावरून पोहोचली ती जिथे आधीही निम्मी मुलं अडकत होती त्याच ठिकाणी.

यावर हरकत येईल की 'असर' ग्रामीण भागाची पाहणी आहे, ठाणे-डोंबिवलीला ती कशी लावता? हरकत रास्त आहे. हे टक्के शहराला चिकटवता येणार नाहीत. पण तूट कशी वाढते याची रीत गाव-शहर पाहत नाही. 2005 च्या भूकंपानंतर पाकिस्तानात शाळा सरासरी 14 आठवडे बंद होत्या. चार वर्षांनी संशोधकांनी तपासलं तेव्हा भूकंपरेषेजवळची मुलं सुमारे दीड इयत्ता मागे होती. चौदा आठवड्यांची सुट्टी दीड वर्षाची झाली, कारण मुलं परतली तरी वर्ग पाठ्यपुस्तकाच्या पानाप्रमाणे पुढे गेला असावा. ज्यांच्या आया किमान प्राथमिक शिकलेल्या होत्या त्या मुलांत ही तूट दिसली नाही. घरी कोणीतरी मागचं धरून बसवत असणार. उलट उदाहरण तामिळनाडूचं. तिथे शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत सुमारे दोन तृतीयांश तूट भरून निघाली, आणि त्या भरपाईतला जवळपास चौथा हिस्सा 'इल्लम तेडी कल्वी' या शाळेनंतरच्या सरकारी वर्गांचा होता.

मग आपल्याकडे क्लास आहेतच की, असं डोंबिवलीत कोणीही म्हणेल. पण बहुतेक क्लास शाळेच्या पुढे पळतात, मागे वळत नाहीत. सहावीतल्या मुलाला 52 मधून 37 वजा करायला द्या. ते 7 मधून 2 काढून 5 लिहितं, 5 मधून 3 काढून 2 लिहितं आणि उत्तर देतं 25. याला आपण निष्काळजीपणा म्हणतो, 'मोबाइलने डोकं बिघडलंय' म्हणतो. प्रत्यक्षात त्याने एक नियम इमानदारीने पाळला आहे: मोठ्यातून लहान वजा करायचं. दशक सुटा करून एकक करायचे असतात हे काड्यांचे गठ्ठे सोडवून दुसरीत दाखवतात, आणि त्याची दुसरी पडद्यावर गेली. या मुलाला अपूर्णांकांची जादा उदाहरणं घालून काहीच होणार नाही; त्याला आठवडाभर गठ्ठेच हवेत. लिहिताना जोडाक्षर आलं की पेन थांबणाऱ्या मुलाचंही तेच. त्याला निबंधाची गाइड कशाला?

पातळीनुसार शिकवण्याचा पुरावा लांबून आणायची गरज नाही. दोन दशकांपूर्वी मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत 'प्रथम' या संस्थेने बालसखी उपक्रम चालवला. वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी, थोड्या दिवसांचं प्रशिक्षण, आणि तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं शाळेच्याच वेळात सुमारे दोन तास वेगळी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तो पारखला तेव्हा मुलांचे गुण स्पष्ट वाढलेले दिसले, सर्वांत जास्त तळाच्या मुलांचे. 'चाळीस-पन्नासच्या वर्गात, अभ्यासक्रम पुरा करायचा असताना आम्ही हे कसं करणार?' या शिक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे: ते एकट्या वर्गशिक्षकाचं काम नव्हेच.

नापास केलं की मुलं आपोआप अभ्यासाला लागतील, ही समजूतही आता पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षेमुळे परतली आहे. परीक्षा घ्यायला हरकत नाही, तिच्यातून तूट दिसते. पण ज्याला वाचता येत नाही त्याला तेच पुस्तक आणखी एक वर्ष हातात दिल्याने वाचता कसं येईल? फेरपरीक्षेआधी त्याला काय शिकवलं, हा खरा मुद्दा.

एक छोटी पण फार अडवणारी चुकीची माहिती राहिली. फी थकल्यामुळे खासगी शाळेने दाखला दिला नाही, म्हणून मूल घरी बसलंय, असं पालक अजून सांगतात. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 5 नुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेला आठवीपर्यंतचा प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. कलम 4 मध्ये तर शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्ग आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण दोन्ही दिलं आहे. त्याच कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. गणवेश, पाणी, संडास यांबरोबर 'सहावीत किती मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो' हा प्रश्न त्या बैठकीत विचारण्याचा अधिकार त्यांनाच आहे, आणि त्याचं उत्तर काढायला एका वर्गामागे एक दुपार पुरते.