शब्बाथचा पेला आणि दोन पाव

शुक्रवारी सूर्य मावळला की ज्यू घरात शब्बाथ लागतो. कारण त्यांचा दिवस संध्याकाळी उजाडतो! गृहिणीने दिवे आधीच लावून ठेवलेले असतात. मग घरातील कर्ता पुरुष द्राक्षासवाचा पेला हाती घेऊन जे पठण करतो, त्यास 'किद्दुश' म्हणतात.

या मंत्राने आसव पवित्र होते, असा समज आपल्याकडे सहज होतो. आपण नैवेद्य दाखवितो आणि अन्नाचा प्रसाद होतो, म्हणून तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु येथे अन्न देवाला अर्पण होत नाही. स्तुती होते ती वेलीचे फळ निर्मिणाऱ्याची, आणि पवित्र ठरतो तो दिवस. तलमुदातील विचार मार्मिक आहे. पृथ्वी सारी ईश्वराची. त्याचे नाव न घेता उपभोग घेणे म्हणजे देवस्वाचा अपहार. नाव घेतले की तीच वस्तू माणसाच्या हक्काची होते.

पेल्याजवळ दोन पाव वस्त्राखाली झाकलेले असतात. इजिप्तच्या दास्यातून सुटलेल्यांना अरण्यात आकाशातून 'मान्ना' हे अन्न मिळे, शुक्रवारी दुप्पट. म्हणून पाव दोन. एरवी पहिला मान पावाचा. आज पेला आधी येतो, तेव्हा पावाला अवमान वाटू नये म्हणून झाकण, असा एक खुलासा देतात. निर्जीव पावाच्या मनाची ही काळजी आम्हांस फार गोड वाटते! पुढे हात धुऊन, मंत्र म्हणून, पाव मिठाला लावून सर्वांना वाटतात.

आसवच नसेल तर? कोकणातील बेने इस्राएलांपुढे हा प्रश्न होता. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली' म्हणविले गेलेले हे मराठीभाषक. द्राक्षासव ज्यू हातांनीच केलेले लागते. बाजारचे चालत नाही. तेव्हा ते काळ्या मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करीत व त्यावर किद्दुश म्हणत. ही पळवाट नव्हे. मनुकांच्या पेयाला तलमुदाचीच मान्यता आहे. तेही नसल्यास शुक्रवारी रात्री पावावरच किद्दुश होतो. पाव मात्र गहू, जव अशा पाच ठरावीक धान्यांपैकीच हवा. कोकणच्या तांदळाच्या भाकरीला तो मंत्र लागू नाही. १९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. मुंबईत राहिलेल्या घरांत मनुका अजूनही भिजतात.