सिमेंटचा रंग दाताशी जुळावा म्हणून

समोरच्या दातात सिमेंट भरायचे म्हटले की पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला, "डॉक्टर, दिसणार नाही ना?"

प्रॅक्टिसच्या सुरुवातीला माझी फजिती झाली होती. लग्न ठरलेली मुलगी, पुढचा दात किडलेला. मी कीड काढली, दात हवेने कोरडा केला आणि मग कॉम्पोझिटचा रंग निवडला. अगदी बेमालूम जुळला. दुसऱ्या दिवशी मुलगी आईसह हजर! दातावर चुन्याचा ठिपका लावल्यासारखे दिसत होते. चूक माझीच. कोरडा पडलेला दात काही तास जास्त पांढरा दिसतो. लाळेने भिजला की मूळ रंगावर येतो. सिमेंट मात्र पांढरेच राहते. ते काढून पुन्हा भरले. पैसे अर्थातच घेतले नाहीत.

तेव्हापासून रंग आधी, दात ओला असतानाच पाहतो. व्हिटा रंगपट्टीवर 16 छटा असतात. पट्टी दाताशी धरायची ती खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, लिपस्टिक पुसून. निर्णय पाचेक सेकंदांत. टक लावून पाहिले की डोळा फसतो. शंका वाटली तर कॉम्पोझिटचा कण दातावर ठेवून लाईटने कडक करून बघतो, कारण कडक होताना त्याचा रंग थोडा बदलतो. शिवाय दात तरी कुठे एकरंगी असतो? हिरडीजवळ पिवळसर, टोकाला काचेसारखा.

दात उजळवून घ्यायचे असल्यास ते आधी करावे आणि दोनेक आठवड्यांनी सिमेंट भरावे. सिमेंट दाताबरोबर उजळत नाही. चहा-तंबाखूचे डाग मात्र त्यावर बसतात. आणि हो, या कामासाठी दवाखान्यात शक्यतो दिवसा जा.