आयपी पत्ता प्रतिबंध

आयपी पत्ता प्रतिबंध : विशिष्ट आयपी पत्त्यावरून अथवा पत्त्यांच्या गटावरून येणाऱ्या मागण्या संकेतस्थळाने नाकारणे, यास ‘आयपी पत्ता प्रतिबंध’ म्हणतात. हा प्रतिबंध व्यक्तीवर नसून तिच्या जोडणीला त्या वेळी लाभलेल्या क्रमांकावर असतो. एकच क्रमांक अनेकांच्या वाट्याला येत असल्याने दोषी व्यक्ती निसटणे आणि निर्दोष व्यक्ती अडकणे, असे दोन्ही प्रकार घडतात. प्रतिबंधाचे उपयोग, मर्यादा आणि त्यातून सुटण्याचे मार्ग या एकाच वस्तुस्थितीतून उद्‌भवतात.

पत्त्याचे स्वरूप : इंटरनेटवरील प्रत्येक संदेश लहान लहान पुडक्यांत विभागून पाठविला जातो व प्रत्येक पुडक्यावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन क्रमांक असतात. या क्रमांकांना आयपी पत्ते म्हणतात. संकेतस्थळाला उत्तर परत पाठवावयाचे असल्याने मागणी करणाऱ्याचा पत्ता त्याला कळणे अपरिहार्य असते. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीच्या नियमांनुसार हा पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो आणि वाचनाच्या सोयीसाठी ० ते २५५ यांमधील चार संख्यांनी लिहिला जातो. अशा पत्त्यांची एकूण संख्या ४,२९,४९,६७,२९६ इतकी होते. जगाच्या लोकसंख्येच्या मानाने ती अपुरी पडली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती साठ्यातील अखेरचे गट खंडनिहाय संस्थांना वाटण्यात आले. सहाव्या आवृत्तीचा पत्ता १२८ द्विमान अंकांचा असून ही टंचाई दूर करण्यासाठीच तिची रचना झाली. भारतातील मोबाइल जाळ्यांत तिचा प्रसार मोठ्या प्रमाणावर झाला आहे. तथापि अनेक संकेतस्थळे व जोडण्या अद्याप चौथ्या आवृत्तीवर चालतात.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह काही महानगरांत सुरू केली. दूरध्वनीच्या तारेवरून जोडणी करणाऱ्या त्या काळच्या ग्राहकाला प्रत्येक जोडणीच्या वेळी उपलब्ध साठ्यातील एखादा पत्ता मिळे व जोडणी तुटताच तो दुसऱ्याकडे जाई. घरगुती ग्राहकांना आजही बहुधा असेच बदलते पत्ते मिळतात. कायम पत्ता सामान्यतः कार्यालये, बँका व सर्व्हर चालविणाऱ्या संस्था घेतात.

घरातील अनेक उपकरणे राउटरच्या साहाय्याने बाहेर एकच पत्ता वापरतात. मोबाइल कंपन्या हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर योजतात. शेकडो ग्राहकांना आतील खाजगी पत्ते देऊन बाहेर एकच सार्वजनिक पत्ता दाखविला जातो व कोणता संदेश कोणाचा हे पोर्ट क्रमांकावरून ओळखले जाते. या वाटणीसाठी २०१२ मध्ये पत्त्यांचा एक स्वतंत्र गटही राखून ठेवण्यात आला. परिणामी परस्परांना सर्वस्वी अपरिचित असलेले ग्राहक संकेतस्थळाच्या दृष्टीने एकाच पत्त्याचे रहिवासी ठरतात.

प्रतिबंधाची कारणे व पद्धती : परवलीचा शब्द वारंवार चुकविणे, थोड्या वेळात असंख्य मागण्या करणे, यांत्रिक पद्धतीने पाने उतरवून घेणे, नको असलेली जाहिरातवजा पत्रे पाठविणे, मजकुराची नासधूस करणे आणि सर्व्हर बंद पाडण्याच्या हेतूने त्यावर भार टाकणे ही प्रतिबंधाची मुख्य कारणे होत. बहुतेक प्रतिबंध मनुष्य नव्हे, तर आज्ञावली घालते. सर्व्हर आलेल्या मागण्यांची नोंद ठेवतो. ठरीव काळात ठरीव मर्यादा ओलांडली गेली की तो पत्ता यादीत जातो आणि त्यावरील मागण्या काही मिनिटे, काही तास वा कायमच्या नाकारल्या जातात. नकार तीन रूपांत दिसतो : ४०३ क्रमांकाचा संदेश प्रवेश नाकारल्याचे सांगतो, ४२९ क्रमांकाचा संदेश मागण्या प्रमाणाबाहेर झाल्याचे सांगतो आणि कित्येकदा कोणतेच उत्तर न येता पान उघडत नाही. काही संकेतस्थळे थेट नकार न देता चित्रातील अक्षरे ओळखावयास लावून मनुष्य व यंत्र यांत भेद करतात.

एका पत्त्याऐवजी सलग पत्त्यांचा गटही रोखता येतो. चौथ्या आवृत्तीत पहिले २४ द्विमान अंक समान असलेल्या गटात २५६, तर पहिले १६ समान असलेल्या गटात ६५,५३६ पत्ते येतात. गट जितका मोठा, तितकी निरपराधांना झळ अधिक. सहाव्या आवृत्तीत एकाच ग्राहकाला सामान्यतः पहिले ६४ अंक समान असलेला संपूर्ण गट मिळतो. त्यामुळे तेथे एकेक पत्ता रोखणे निरर्थक ठरते व गटच रोखावा लागतो. संकेतस्थळे स्वतःच्या यादीखेरीज इतरांच्या याद्याही वापरतात. नको असलेल्या पत्रांचे मूळ असलेल्या पत्त्यांच्या सामाईक याद्या १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून प्रचारात आहेत. अशा यादीत पूर्वीच्या धारकामुळे गेलेला पत्ता नव्या धारकाला मिळाला, तर आधीचा कलंकही त्याच्या वाट्याला येतो.

देशनिहाय प्रतिबंध हा आणखी एक प्रकार होय. पत्ता कोणत्या देशातील संस्थेला दिला आहे, हे नोंदींवरून कळते. त्याआधारे भारतातील काही शासकीय संकेतस्थळे सुरक्षिततेसाठी परदेशी पत्त्यांना प्रवेश देत नाहीत. परदेशी वास्तव्य करणाऱ्या मराठी कुटुंबांना गावाकडील कागदपत्रांसाठी अशा वेळी येथील नातेवाइकांवर विसंबावे लागते.

सामाईक पत्त्याचा प्रश्न : मोठ्या शहरापेक्षा खेडेगावात या प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट दिसते. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील, किल्ल्यासाठी ओळखले जाणारे सानगडी हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. अशा गावातील सेवा केंद्रात एकाच जोडणीवरून दिवसभर अनेकांचे अर्ज भरले जातात. शिष्यवृत्ती, पीक विमा, दाखले व प्रवेश परीक्षा यांचे अर्जदार वेगवेगळे असले, तरी संकेतस्थळाला येणारा पत्ता एकच असतो. अखेरच्या तारखेला गर्दी होते, कोणाचा परवलीचा शब्द चुकतो, पान उघडत नाही म्हणून ते पुनःपुन्हा उघडले जाते. अशा वेळी मर्यादा कडक असल्यास सर्व्हर या केंद्राला उपद्रवी यंत्र समजून रोखू शकतो आणि रांगेतील शेवटच्या विद्यार्थ्याचा अर्ज त्याचा कोणताही दोष नसताना राहून जाऊ शकतो. शहरातील ग्राहकाला दुसरी जोडणी सहज मिळते, गावात ती मिळेलच असे नाही. म्हणून सार्वजनिक सेवा देणाऱ्या संकेतस्थळांनी केवळ पत्त्यावर विसंबून न राहता अर्जदाराच्या खात्यागणिक मर्यादा ठेवणे अधिक न्याय्य ठरते.

असा प्रसंग एका संपूर्ण देशावरही आला आहे. कतार या देशातील जवळजवळ सर्व ग्राहकांची रहदारी त्या काळी एकाच पत्त्यावरून बाहेर पडत असे. २००६ च्या अखेरीस इंग्रजी विकिपीडियावरील नासधुशीमुळे तो पत्ता रोखण्यात आला, तेव्हा त्या देशातील बहुतेकांचे अनामिक संपादन थांबले. चूक ध्यानात येताच प्रतिबंध लवकरच उठविण्यात आला. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासह या प्रकल्पाच्या सर्व भाषांतील आवृत्त्यांत प्रचालकांना पत्ते रोखण्याचा अधिकार असतो. मात्र बदलत्या व सामाईक पत्त्यांवरील प्रतिबंध अल्पमुदतीचा ठेवावा, असा संकेत रूढ आहे. खाते उघडून काम करणाऱ्या विश्वासू सदस्यांना अशा प्रतिबंधातून सूट देण्याचीही सोय आहे.

पत्ता आणि व्यक्ती : पत्त्यावरून व्यक्ती ओळखण्याची घाई किती महागात पडते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या पोलीस इतिहासात आहे. ऑर्कुट या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांची विटंबना करणारे चित्र प्रसिद्ध झाल्याबद्दल पुणे पोलिसांनी २००७ मध्ये तपास केला. आयपी पत्त्याच्या आधारे बंगळूर येथील एका संगणक व्यावसायिकाला अटक झाली व त्याला सुमारे ५० दिवस तुरुंगात काढावे लागले. दूरसंचार कंपनीकडून मिळालेली त्या पत्त्याच्या धारकाची माहिती चुकीची होती, हे मागाहून उघड झाले. पत्ता कोणाकडे होता हे ठरविण्यासाठी नेमका दिवस व वेळ लागते आणि सामाईक पत्ता असल्यास पोर्ट क्रमांकही लागतो. यांपैकी एकही गोष्ट चुकली, तर बोट भलत्याकडे वळते. प्रतिबंधात होणारी चूक यामानाने सौम्य असली, तरी तिचे मूळ हेच आहे.

प्रतिबंध ओळखणे : पान उघडत नाही याचा अर्थ प्रतिबंध आहेच, असे नाही. त्याच उपकरणावर दुसऱ्या जोडणीने, उदा., घरच्या तारेऐवजी मोबाइलवरून, संकेतस्थळ उघडले, तर प्रतिबंध पत्त्यावर असण्याचा संभव अधिक. त्याच जोडणीवर दुसऱ्या खात्याने प्रवेश मिळाला, तर प्रतिबंध खात्यावर असतो. कोठूनही ते उघडत नसेल, तर सर्व्हर बंद असण्याची शक्यता असते. शासनाच्या आदेशाने बंद केलेली संकेतस्थळे हा स्वतंत्र विषय आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९-अ नुसार केंद्र शासन असा आदेश देते. तेथे अडथळा संकेतस्थळाने नव्हे, तर ग्राहकाच्या सेवादात्याने घातलेला असतो.

प्रतिबंध टाळणे व त्यातून सुटणे : प्रतिबंध टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे त्याचे कारण न घडू देणे. परवलीचा शब्द विसरल्यास अंदाजाने भरत न बसता तो नव्याने मागवावा, संथ झालेले पान पुनःपुन्हा उघडू नये, यांत्रिक पद्धतीने माहिती घ्यावयाची असल्यास संकेतस्थळाने ठरविलेली गती व परवानगी पाळावी. घरातील वा केंद्रातील एखाद्या संगणकात उपद्रवी आज्ञावली शिरली असेल, तर ती धारकाच्या नकळत मागण्या पाठवीत राहते. म्हणून कारण नसता प्रतिबंध येऊ लागल्यास प्रथम संगणकांची तपासणी करावी. राउटरचा परवलीचा शब्द बदलल्याने बाहेरच्यांनी केलेला गैरवापर थांबतो.

प्रतिबंध आल्यास बहुधा थांबणे पुरते. स्वयंचलित प्रतिबंध मुदत संपताच आपोआप उठतो व मधल्या काळातील प्रयत्न कित्येकदा मुदत वाढवितात. तो न उठल्यास संकेतस्थळाच्या चालकाला आपला पत्ता, दिवस, वेळ व दिसलेला संदेश कळवून फेरविचाराची विनंती करावी. पत्ता सामाईक यादीत असल्यास यादी ठेवणाऱ्या संस्थेकडे व आपल्या सेवादात्याकडे तक्रार करता येते. पत्ता बदलता असल्यास राउटर काही काळ बंद ठेवून पुन्हा सुरू केल्यावर नवा पत्ता मिळण्याचा संभव असतो.

व्हीपीएन म्हणजे आभासी खाजगी जाळे. यात ग्राहकाचे संदेश गुप्त रूपात दुसऱ्या सर्व्हरपर्यंत जातात व तेथून त्या सर्व्हरच्या पत्त्याने बाहेर पडतात. प्रॉक्सी सर्व्हरही असेच मध्यस्थाचे काम करतो. कार्यालयीन सुरक्षितता व खाजगीपणा यांसाठी या साधनांचा उपयोग मोठा असला, तरी प्रतिबंधावरील उपाय म्हणून त्यांना मर्यादा आहेत. त्यांचे पत्ते हजारो अनोळखी लोक वापरीत असल्याने ते स्वतःच वारंवार रोखले जातात. विकिपीडिया तर खुल्या प्रॉक्सींवरून संपादन करू देत नाही. विनामूल्य सेवांचे चालक ग्राहकाची माहिती पाहू शकतात, हा धोका वेगळाच. भारतात व्हीपीएनचा वापर सर्वसाधारणपणे बेकायदा नाही. तथापि २८ एप्रिल २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनुसार व्हीपीएन पुरविणाऱ्यांनी ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवणे आवश्यक ठरले, त्यामुळे काही परदेशी कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर हलविले. गैरवर्तनाबद्दल घातलेला प्रतिबंध पत्ता बदलून चुकविणे हा बहुतेक संकेतस्थळांच्या नियमांचा भंग असून त्यामुळे खातेही कायमचे बंद होऊ शकते.

मूल्यमापन : आयपी पत्ता प्रतिबंध हे स्वस्त, त्वरित व यांत्रिक हल्ल्यांपुरते परिणामकारक साधन आहे. व्यक्तीला शासन करण्याचे साधन म्हणून ते स्थूल आहे. पत्त्यांची वाटणी वाढत गेली, तसतशी त्याची अचूकता घटली. त्यामुळे खाते, वर्तनाची पद्धत व मागण्यांची गती यांचा एकत्रित विचार करणाऱ्या पद्धती पुढे येत आहेत. सहाव्या आवृत्तीचा प्रसार पूर्ण झाल्यावर प्रत्येक जोडणीस स्वतंत्र पत्ते मिळून सामाईक पत्त्याचा प्रश्न बराच सौम्य होईल. तोवर प्रतिबंध अल्पमुदतीचा ठेवणे, त्याचे कारण ग्राहकाला स्पष्ट सांगणे आणि दाद मागण्याची वाट खुली ठेवणे, या तीन गोष्टींवरच त्याची न्याय्यता अवलंबून राहते.