मोटारींच्या शहरातील जॅझ

हेन्री फोर्ड यांनी १९१४ मध्ये पाच डॉलर रोजंदारी जाहीर केली, पहिल्या महायुद्धाने मजुरांची टंचाई निर्माण केली, आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांचे लोंढे डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांकडे वळले. वर्णभेदामुळे ज्या ब्लॅक बॉटम व पॅरडाइज व्हॅली या वस्त्यांत त्यांना दाटीवाटीने राहावे लागले, तेथील हेस्टिंग्ज स्ट्रीटवर त्यांच्या संगीताला हक्काचा श्रोता मिळाला. मात्र नुसत्या पगारावर कलावंत घडत नाहीत. खरे श्रेय शिक्षणाला द्यावे लागते. कॅस टेक्निकल हायस्कूल या सार्वजनिक शाळेत जॅझवादक रॉन कार्टर, पॉल चेंबर्स व डोनाल्ड बर्ड शिकले, तर पियानोवादक बॅरी हॅरिस यांनी आपल्या घरीच तरुणांना बीबॉपचे, म्हणजे द्रुत लय, गुंतागुंतीची स्वरसंगती आणि उत्स्फूर्त विस्तार यांवर उभ्या असलेल्या जॅझशैलीचे, धडे दिले. गुरुगृहीच्या तालमीची आठवण मराठी वाचकाला येथे झाली तर नवल नाही. शहरातील ब्लू बर्ड इन या छोट्या क्लबात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनीही काही काळ वादन केले. पुढे नागरी नूतनीकरणाच्या नावाखाली ब्लॅक बॉटम व पॅरडाइज व्हॅली या वस्त्या पाडण्यात आल्या आणि क्रायस्लर महामार्गाने हेस्टिंग्ज स्ट्रीट जवळजवळ गिळला. १९८० मध्ये सुरू झालेला शहराचा जॅझ महोत्सव आजही विनामूल्य आहे.